वरची दाढ, खालची दाढ

“मग दोष कुणाचा?”

“तुमचा,” इंद्रजित म्हणाला. “दुसऱ्या कुणाचा?”

दोष भैरवगिरी बुवांचाच होता. पण मठात तसं बोलायची कुणाची छाती नव्हती. थोरांचं चुकलं की ती लीला ठरते, पोरांचं चुकलं की आईबापांचे संस्कार निघतात. इंद्रजित दंतवैद्यकाचं कॉलेज मध्येच सोडून इथं आलेला. त्याला लीलाबिला कळत नव्हती. दाढा कळत होत्या.

धरणाच्या पाण्यावर धुकं उतरलं होतं. खाली कुठंतरी बुडालेलं जुनं गाव, आणि त्या गावातून निघाल्यासारख्या मठाच्या पायऱ्या पाण्यातून वर येऊन धुक्यात शिरत होत्या. सगळ्यात खालच्या पायरीवर दोघं बसले होते, पाय पाण्यात सोडून. पाय कुठं संपतात आणि पाणी कुठं सुरू होतं, दिसत नव्हतं.

बुवांच्या तळहातावर अर्धी दाढ होती. खालची, स्वतःची. मघाशी फुटाणे खाताना तुटलेली.

“आणि वरची?”

“आ करा.”

बुवांनी आ केला. इंद्रजितने बोट घालून वरची दाढ चाचपली. ती सिरॅमिकची. दोन वर्षांपूर्वी त्यानेच बुवांना तालुक्याला नेऊन बसवून आणलेली.

“ठणठणीत आहे. तडा नाही, टवका नाही. तुमच्यासारखीच.”

“फार कठीण निघाली म्हणायची.”

“कठीण असण्याचं काही नाही हो बुवा. गुळगुळीत असली, तर कठीण दाढही समोरच्या दाताला सांभाळून घेते. तुमची बसवल्यावर जरा उंच लागत होती, म्हणून डॉक्टरांनी घासून कमी केली. घासली की ती खरखरीत होते. मग पुन्हा पॉलिश करावी लागते. ते म्हणाले, महाराज, जरा बसा. बसलात तुम्ही?”

“आरती होती.”

“आरती! देव काय पळून जात होता? तेव्हापासून तोंडात कानस घेऊन जेवताय. खालची बिचारी झिजली, झिजली, आज फुटली. आणि वर मलाच विचारता, दोष कुणाचा.”

बुवा हसले. हसताना त्यांनी गाल दाबून धरला.

“दुखतंय?”

“...रत्नाकर कुठवर पोचला असेल रे?”

इंद्रजितने पाण्याकडे पाहिलं. पहाटेच्या नावेतून रत्नाकर गेला होता. मठ सोडून, कायमचा. दोघं एका खोलीत राहायचे. रत्नाकर अबोल, मऊ. तो भजनाला बसला की इंद्रजित म्हणायचा, “म्हैस व्यायली का रे कुणाची?” रत्नाकर हसून पुढचं कडवं घ्यायचा. काल मात्र इंद्रजित बोलून गेला होता, “तुझ्या आईनं तुला इथं भक्तीनं नाही सोडलं. घरात खायला नव्हतं म्हणून सोडलं.”

त्यावर रत्नाकर हसला नाही.

“मला काय विचारता?” इंद्रजितचा आवाज चढला. “माझ्या जिभेनं गेला, असंच ना? सगळा मठ तेच बोलतोय. तुम्हीही बोला आणि हाकला मला. बोचकं बांधून ठेवलंय.”

बुवा उठले. ओल्या पावलांनी एकेक पायरी चढत धुक्यात विरघळून गेले.

इंद्रजित एकटा उरला. पाण्याखाली घंटा वाजल्यासारखं झालं. कदाचित वाजली नसेल. बुडालेल्या देवळापुढं एक सभा भरली आहे आणि तो अजून तिथंच बसला आहे, असं त्याला वाटत राहिलं.

तशी सभा खरंच झाली होती. वर, मठात, बुवांची दाढ बसवली त्याच आठवड्यात. इंद्रजित निरूपणाला उभा राहिला होता आणि बुवांनी भरल्या सभेत त्याला सोलून काढलं होतं. “कॉलेजातून पळालास. इथूनही पळशील.” मठाची रीत अशी, की ज्याची चूक सभेत काढली, त्याला गुरूने स्वतःच्या हाताने गूळ भरवायचा. तोवर त्याने जागचं उठायचं नाही.

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. बुवा उठून गेले. गूळ राहिला. सतरंज्या गुंडाळल्या तरी इंद्रजित बसून होता.

हे तो कधीच कुणाला बोलला नव्हता.

...धुक्यातून आधी एक हात आला. मागून बुवा आले. हातात गुळाचा खडा होता.

“आ कर.”

“कशाबद्दल?”

“तू त्या दिवशी बसून राहिला होतास.”

इंद्रजितचा जबडा आवळलेला. बुवांचा हात तसाच पुढं. एक लाट आली, पायरीला लागून परत गेली...

मग त्याने तोंड उघडलं.

गूळ त्याने चावला नाही, जिभेवर विरघळू दिला.

“आता याचा काय उपयोग, बुवा?” त्याने कसंबसं विचारलं. “मी राहू की जाऊ?”

बुवांनी दुसऱ्या मुठीतली अर्धी दाढ पाण्यात सोडली. नाव गेली होती तिकडे ते बराच वेळ बघत राहिले.

“राहा. वरची अजून गुळगुळीत करता येईल,” ते म्हणाले. “खालची गेली.”