खडकातल्या समुद्रकाकड्या

फार जुन्या काळची गोष्ट. एका बेटावर भागू आणि तिचा नवरा नागो राहत होते. नागो मासेमारी करायचा. एकदा खडकावर घसरून त्याची पोटरी फाटली. जखम काही भरेना. त्यातच वादळ सुरू झालं, होड्या किनाऱ्यावर अडकल्या आणि घरातलं सुकट संपलं.

ओहोटीला खडकांतल्या डबक्यांमध्ये समुद्रकाकड्या पडलेल्या असत. काळपट, गिळगिळीत, काकडीएवढे ते जीव बेटावर कोणी हातातही धरत नसे. भागूने मात्र एक पाहिलं होतं. खेकड्याने फाडलेली एक काकडी महिन्याभरात पुन्हा धडधाकट झाली होती.

तिने चार काकड्या आणल्या, आतडी काढून धुतल्या आणि मऊ होईपर्यंत उकळल्या. आधी स्वतः खाल्लं. दोन दिवस वाट पाहिली. तिला काहीच झालं नाही, तेव्हा तिने नागोला वाटीभर कढण दिलं.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"जाळ्यात आलं की तुम्ही वल्ह्याने ढकलून देता ते."

नागो वाटीकडे बघत राहिला. मग त्याने ती रिकामी केली आणि म्हणाला, "अजून आहे का?"

रोजच्या कढणाने त्याच्या अंगात ताकद आली. हळूहळू जखमही भरली. तो काठीशिवाय चालायला लागला, तेव्हा सगळं गाव भागूच्या दारात आलं. तिने सर्वांना रांधायला शिकवलं. एवढंच सांगितलं, "बोटाएवढ्या असतील त्या राहू द्या. वाळू त्याच साफ ठेवतात."

होडीवाल्यांचा म्होरक्या लखू हसला. "वहिनी, समुद्रात काय कमी आहे?"

वादळ सरलं, मासे मिळू लागले, तरी लोक टोपल्या भरतच राहिले. भागू डबक्यांपाशी उभी राहून अडवायची. लोक तिला वळसा घालून जायचे.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाळू काळी पडली, तिला कुजका वास येऊ लागला. लहान मासेही तिथून गेले.

त्याच पावसाळ्यात लखूच्या आईला ताप आला. ताप उतरला, पण म्हातारीला उठून बसवेना. लखू भागूकडे आला.

"वहिनी, कढणापुरती एक तरी दे."

भागू उठली. त्याला घेऊन ती खडकांवर गेली. दोघांनी एकेक डबकं वाकून पाहिलं. संध्याकाळी लखू रिकाम्या हाताने आईजवळ जाऊन बसला.

जे आपल्याला जगवतं, त्यालाही जगायला जागा ठेवावी.