राज्य कुणावर?

जगभरचे खेळाडू जमतात ना, त्या मोठ्या सामन्यांचा समारोप तुम्ही कधी पाहिलाय का हो?

श्रीधर इंगवल्यांनी अक्कांना हेच विचारलं.

"नाही बाबा," अक्का म्हणाल्या. "दाखव की."

अक्का म्हणजे नदीकाठच्या मठातल्या यमुनाक्का. सत्तरी उलटलेली, पण हालचाल चिमणीसारखी. इंगवले लहानपणापासून त्यांच्या पायाशी बसत आलेले. आता ते सामन्यांच्या समितीचे अध्यक्ष होते, कारण पुढचे सामने त्यांच्याच शहरात भरणार होते. यंदाचे परदेशात चालू होते. तिथल्या समारोपात झेंडा घ्यायला आपल्याकडून एकाने जायचं होतं. एकानेच. नाव सकाळी कळवायचं होतं.

दुसरं नाव होतं निर्मला तोडकरांचं. सामने आपल्याकडे यावेत म्हणून ही बाई वर्षानुवर्षं झिजली होती. भाषणं इंगवल्यांची, त्यांतला शब्द न् शब्द तिचा. तिनेच जावं अशी समितीत कुजबुज चालली होती. पण अक्कांनी "तू जा" म्हटलं असतं, तर कुणाची बोलायची छाती झाली नसती.

इंगवल्यांनी फोनवर मागच्या वेळचा समारोप लावला. अक्कांनी तो नाकाशी धरला.

"अरे, हे सगळे असे मिसळलेत काय? देशादेशाच्या रांगा नाहीत?"

"पहिल्या दिवशी असतात, अक्का. शेवटच्या दिवशी नसतात."

"का बरं?"

इंगवल्यांना ते ठाऊक नव्हतं. "रीत आहे तशी."

"छान रीत आहे. ...आणि हा कोण रे, झेंडा नाचवतोय?"

"आता नीट बघा! हा पुढच्या गावचा माणूस. पुढचा खेळ त्यांच्याकडे. यंदा त्याच्या जागी मी असेन."

"असं होय. म्हणजे राज्य त्याच्यावर आलं."

इंगवल्यांची छाती फुगली. "राज्यच म्हणा की!"

"मग हसतोय कशाला मेला?" अक्कांनी फोन परत दिला. "लपंडावात तुझ्यावर राज्य आलं की भोकाड पसरायचास तू. इथंच, या खांबाशी."

इंगवले ओशाळून हसले. "अक्का, ते राज्य वेगळं."

"असेल. ऊठ. खांबाकडं तोंड कर. डोळे झाक."

"अहो, मी अध्यक्ष आहे! बाहेरून ड्रायव्हर बघतोय."

"बघू दे. त्याचीही करमणूक होईल."

गुरूचा शब्द. मोडायचा कसा? इंगवल्यांनी चष्मा खिशात ठेवला, कपाळ खांबाला टेकवलं. दहा, वीस, तीस... थेट शंभरापर्यंत.

डोळे उघडले, तर अक्का जागेवर नाहीत.

तुळशीच्या आडोशाला पाहिलं. देवघराच्या दाराआड वाकून पाहिलं. नाहीत. ही म्हातारी गेली तरी कुठे? कितीतरी वर्षांनी त्यांना असं कुतूहल वाटत होतं. झेंड्याचंसुद्धा भान राहिलं नाही. ते आणखी पुढे गेले, पायऱ्यांच्या टोकाशी उभे राहून मान उंचावून नदीपर्यंत बघू लागले.

पाठीत दणकन हात बसला.

"धप्पा!"

इंगवले केवढ्यांदा दचकले! अक्कांना हसून हसून धाप लागली होती.

"पुन्हा तुझ्यावरच राज्य!"

"पण... तुम्ही होतात कुठे?"

"तुझ्या मागं. पहिल्यापासून."

"मी सगळीकडे शोधलं, अक्का."

"पुढं पुढं शोधलंस."

इंगवल्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. मग हळूच म्हणाले, "ते झेंड्याचं... मी जाऊ ना, अक्का?"

अक्का आत निघाल्या होत्या. उंबऱ्यावर क्षणभर थांबल्या.

"जा की. पाठीशी कोण उभं आहे, तेवढं बघून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी इंगवल्यांनी स्वतः नाव कळवलं. ते निर्मला तोडकरांचं होतं.