धवलीची रांग

फार पूर्वी, नद्या पक्ष्यांशी बोलायच्या तेव्हाची गोष्ट. एका भोवऱ्यातून बाहेर पडायची वाट रोज बदलायची. ती शोधायला धवली बगळी बगळ्यांची मोठी रांग लावायची. प्रत्येकाने एका पायावर उभं राहून भोवऱ्याला एकेक प्रश्न विचारायचा. सगळी उत्तरं येईपर्यंत कुणीही पाय टेकायचा नाही. एकाचा जरी टेकला, तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एके दिवशी बदकीण पिलांसकट भोवऱ्यात ओढली जाऊ लागली आणि नेमकी तेव्हाच ससाण्याची सावली पडली. रांग भुर्रकन उडाली.

"धवलीमावशी, वाट सांग," बदकीण ओरडली.

धवली एकटीच एका पायावर उभी राहिली. "उजवीकडे की डावीकडे?" तिने भोवऱ्याला विचारलं. उत्तर आलं. तिने पाय टेकला, दम घेतला, पुन्हा उचलला आणि त्याच उत्तराला धरून पुढचा बारीक प्रश्न विचारला. मग त्याहून बारीक.

"वाकलेल्या उंबराकडे वळ," ती म्हणाली. पिलं काठाला लागली.

रांग परतली, तरी धवलीची चोच उघडीच होती. आजवर रांग जमेपर्यंत बुडालेली सगळी पिलं तिच्या डोळ्यांपुढे आली.

"मध्ये पाय टेकलेला चालतो रे," ती कशीबशी म्हणाली.