समाजाचा पत्ता

समाजशास्त्र शिकवणाऱ्या कमलिनीबाईंनी आपल्या विधवा सुनेचं दुसरं लग्न ठरवलं, तशी ज्ञातिमंडळाने त्यांना बोलावून घेतलं. घर वाळीत टाकायची तयारी झालेलीच होती.

अध्यक्ष रंगराव मिशी कुरवाळत म्हणाले, "बाई, हे समाजाला मान्य नाही."

"समाज म्हणजे कोण?"

"पुस्तकं वाचून असं होतं बघा. समाज म्हणजे इथं बसलेली माणसं. शेंबड्या पोरालाही कळतं."

मग बाईंनी तिथल्या प्रत्येकाला विचारलं, "तुमची हरकत आहे?" प्रत्येकाने खाली बघत सांगितलं, "माझी नाही हो, पण समाज काय म्हणेल?"

शेवटी त्या अध्यक्षांकडे वळल्या. मनाचा मोठेपणा दाखवायची संधी रंगराव कधी सोडत नसत. "व्यक्तिशः माझीही नाही. पण समाज…"

"म्हणजे तुमचा समाज इथंच बसलाय आणि त्याची हरकत नाही," बाई म्हणाल्या. "माझ्या पुस्तकातला समाज वेगळा. तो माणसांना एकमेकांची जी भीती वाटते, तिच्यात राहतो. त्याचा पत्ता तेवढा द्या, पत्रिका पाठवते."

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले.

सुनेचं लग्न थाटात झालं. आशीर्वादाचं भाषण रंगरावांनीच केलं. समाज बदलायला धाडस लागतं, असं ते म्हणाले.