गुबगुबीत पानांची बाग

गाव कुठलं ते विचारू नका, राजा कोण तेही विचारू नका. पण वाळवंटाच्या कडेला एक झोपडी होती आणि तिथे हिरू राहायची, हे अगदी खरं! हिरूचे बाबा माळी. डोळ्यांनी दिसत नसे, पण पानाला बोट लावलं की झाड ओळखायचे. यंदा विहीर आटली. प्यायचं पाणीसुद्धा लांबून आणावं लागे. मोगरा जळला, शेवंती जळली.

"उद्या आत्याकडे जाऊ, पोरी," बाबा म्हणाले. "बागच नाही, तर माझ्या हातांनी करायचं काय?"

एखादं तरी हिरवं रोप सापडेल म्हणून हिरू तांब्याभर पाणी घेऊन वाळवंटात गेली.

आणि अहाहा! मावळतीच्या उन्हात वाळूच्या टेकड्या केशरी झाल्या, मग गुलाबी, मग जांभळ्या. दगडांच्या आडोशाला इवलीइवली गुबगुबीत रोपं बसली होती. कुणी पोपटी, कुणी दुधी, कुणाच्या कडेला लालचुटूक रेघ. पाण्याचा टिपूस नाही आणि ही एवढी टुमटुमीत! हिरू आ वासून बघतच राहिली.

एक निवडुंग मात्र सुरकुतला होता. हिरूचा स्वतःचा घसा कोरडा पडला होता, तरी तिने तांब्या कलता केला.

"अगं अगं, बुडवतेस की काय मला? थेंबभर पुरे!" निवडुंगाच्या फुलातून अंगठ्याएवढी परी उठली. पंख सोनेरी, झग्याला काटेच काटे! "गुणाची गं बाई. माग काय हवं ते."

"माझ्या बाबांना डोळे दे!"

"ते माझ्या हातात नाही गं. मी झाडांपुरतीच परी."

"मग त्यांना बोटांनी बघता येईल अशी बाग दे."

परीने गळलेली जाड जाड पानं हिरूच्या ओच्यात घातली. "ही नुसती वाळूवर ठेव. पण मुळं फुटेपर्यंत पाणी घालायचं नाही हं. मायेनेसुद्धा नाही! घातलंस तर सगळी कुजतील."

हिरूने झोपडीतच वाळू पसरून त्यावर पानं मांडली. पोरीच्या हट्टापायी बाबांनी जाणं लांबवलं. पानं मात्र रोज सुकत चालली. बाबा ती चाचपून कासावीस व्हायचे. माळीच ना ते! "मरतायत गं बिचारी. घोटभर तरी घालू दे," म्हणत त्यांनी तांब्या उचलला.

हिरूने त्यांचा हात घट्ट धरला. "नको, बाबा!" सांगताना तिलाच रडू फुटलं. तिने चटकन तोंड फिरवलं. डोळ्यांतलं पाणीसुद्धा पानांवर पडायला नको!

आणि एका सकाळी काय नवल! पानापानाच्या देठाशी गुलाबी मुळं आणि बाहुलीच्या वेणीत शोभतील अशी रोपांची पिल्लं! बाबांची बोटं हळूच फिरू लागली. "ही मखमली... ही खरखरीत... आणि ही बघ, लोण्यासारखी! आजवर कधी हाताला लागली नव्हती गं अशी झाडं."

वाळूवर परी उभी होती. ती हसली, लखलखली, आणि झोपडीभर सोनेरी उजेड सांडून दिसेनाशी झाली.

बाबांनी आपल्या गालाला हात लावला. "कोण गेलं गं आत्ता? केवढी ऊब आली!"

हिरूने त्यांच्या हातात तांब्या दिला. "आता घाला पाणी, बाबा. थेंबथेंबच हं."