पैलथडीचा हुंकार

ऐलथडीच्या पळसबनाला लागून एवढीशी झोपडी होती. तिच्या छपराला इतकी भोकं होती की दुपारी जमिनीवर उन्हाच्या पिवळ्या पिवळ्या चकत्या पडत आणि बकुळा त्या चकत्यांवरून लंगडी खेळत असे. पावसाळ्यात मात्र खेळ बंद. तेव्हा गळतीखाली पातेली ठेवता ठेवता पातेली संपत, आणि आई म्हणे, "बकू, आता तुझी ओंजळ धर."

बकू आठ वर्षांची होती. मायलेकी पळसाची पानं गोळा करत, बांबूच्या चोयांनी टाचत आणि पत्रावळी लावत. बकूची बोटं चिमुकली, म्हणून तिचा टाका नाजूक. तिच्या पत्रावळीतून आमटीचा थेंबसुद्धा गळत नसे. छप्पर गळे, पण त्याला टाके कोण घालणार?

फाल्गुनात पळसबन पेटल्यासारखं फुललं. केशरी, शेंदरी, लालचुटुक फुलं! बकू पानं खुडत होती, तेवढ्यात एका पानाआडून बारीक रडणं ऐकू आलं. तिथे एक पिटुकली परी बसली होती. अंगठ्याएवढी. झगा मोरपंखी, केसांत दवाचे चमचमते मणी, आणि डावा पंख मात्र कडेनं काळा पडून फाटलेला.

"काय गं झालं तुला?" बकूनं विचारलं.

"पैलथडीहून ठिणगी उडाली," परी हुंदका देत म्हणाली. "तिकडे चित्रांचे पट जाळतायत."

पैलथडी म्हणजे नदीपलीकडचा मुलूख. तिथे दोन राजांची लढाई चालली होती. कशावरून, ते त्या राजांनाही आता नीट सांगता येत नव्हतं. जो जिंकत होता त्यानं हुकूम काढला होता की पैलथडीची गोष्ट कुणी सांगायची नाही आणि तिची चित्रं कुणी रंगवायची नाहीत. शिपायांनी पोथ्या जाळल्या, पट जाळले, ढोलक्या फोडल्या. हातात तलवार असलेली माणसं गोष्टीला का घाबरतात, हे मला कधी कळलेलं नाही. पण घाबरतात खरी.

बकूनं पळसाची एक मऊ पाकळी घेतली, केसाएवढी बारीक चोय काढली आणि परीच्या पंखाला ठिगळ लावलं. परीनं पंख फडफडवला. थोडी तिरकी उडत होती, पण उडत होती.

"तीन वर देते तुला," परी म्हणाली. "पण नियम ऐक. एका वराला एकच शब्द. जळून गेलेलं परत मागायचं नाही, ते मला आणता येत नाही. लढाई थांबव म्हणायचं नाही, सैन्य माझं ऐकत नाही. आणि शब्द तोंडातून गेला की गेला!"

बकू परीला खांद्यावर बसवून धावत घरी आली आणि आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "अगं, छप्पर माग. एकच शब्द आहे, नेमका बसतोय."

बकू मागणारच होती. पण झोपडीच्या दाराशी उमाई बसली होती. उमाई आणि तिचा भाऊ रुंजाबाबा, दोघं म्हातारी भावंडं. महिन्यापूर्वी होडीतून ऐलथडीला आली होती. कुणाच्या घरी जागा निघेना, तेव्हा आईनं त्यांना आपल्या गळक्या छपराखाली घेतलं. पैलथडीचे पट उमाई रंगवायची, आणि ते पट दाखवून पैलथडीची सात दिवसांची गोष्ट रुंजाबाबा सांगायचे. आत्ता उमाई काडीनं धुळीत घोडा काढत होती. वारा आला की घोडा जाई, ती परत काढी.

बकूला ते बघवेना. "रंग!" ती म्हणाली.

झरर्रकन उमाईसमोर इवल्या इवल्या वाट्या मांडल्या गेल्या. हळदी, निळा, कुंकवासारखा लाल, पोपटी. उमाईनं वाटीत बोट बुडवलं, ते नाकाशी नेऊन हुंगलं, आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "निळा थोडा पातळ झालाय." कलावंत माणसं अशीच.

चित्रं होऊ लागली. पण गोष्ट काही होईना. रुंजाबाबा रोज दुपारी पारावर बसत. गाव जमे. रुंजाबाबा खणखणीत आवाजात म्हणत, "पैलथडीला एक नदी होती." ऐलथडीची माणसं रीतीप्रमाणे हुंकार देत, "हं." तो ऐकला की रुंजाबाबांचा चेहरा पडे. ते हात जोडत, उठत आणि निघून जात. रोज एकच वाक्य, त्याच्यापुढे काही नाही.

"केवढा तोरा म्हाताऱ्याचा!" भिवराकाकू म्हणाल्या. "घरचं काम टाकून आम्ही यायचं, आणि हे एका वाक्यात उठणार." हळूहळू पाराकडे कुणी फिरकेना.

रात्री रुंजाबाबा आढ्याकडे बघत पुटपुटत. एकदा बकूनं ऐकलं, ते उमाईला म्हणत होते, "तिसऱ्या विहिरीचं नाव काय गं? कालपर्यंत होतं डोक्यात." पोथी जळाली होती. आता सगळी गोष्ट त्या एका पांढऱ्या डोक्यात होती आणि तिथूनही ती निसटत होती. एकदा कुणापुढे पुरी सांगितली गेली नाही, तर संपलीच. बकूला भीती वाटली.

ती बनात गेली आणि घाईघाईत म्हणाली, "कथा!"

परीनं टाळी वाजवली. सोनेरी अक्षरांचं झगमगीत पुस्तक आलं. त्यात राजपुत्र होता, सोन्याचा महाल होता, हिऱ्यांची फळं होती. बकूनं ते रुंजाबाबांना वाचून दाखवलं.

"झकास आहे, बाय," रुंजाबाबा म्हणाले. "पण ही आमची नव्हे. आमच्या गोष्टीत महाल नाही. विहिरी आहेत, आणि त्या कुणी खणल्या त्यांची नावं."

दुसरा वर फुकट गेला. परी जरा फुगूनच बसली, कारण पुस्तक तिला फार आवडलं होतं. बकू मात्र उमाईजवळ गेली आणि सरळ विचारलं, "बाबा गोष्ट मधेच का सोडतात?"

"सोडतील नाही तर काय करतील?" उमाई म्हणाली. "तुम्ही सगळे मिळून पुरे म्हणता."

"आम्ही? आम्ही तर हं म्हणतो!"

"तेच ते. पानात आणखी भात नको असला की आमच्याकडे हं म्हणतात. हं म्हणजे पुरे, पोट भरलं."

बकूनं आ वासला. "मग तुमच्याकडे हुंकार कसा देतात?"

"सांगणारा म्हणतो, नदी होती. ऐकणारे म्हणतात, आहे. सांगणारा म्हणतो, राजा होता. ऐकणारे म्हणतात, आहे. ऐकणाऱ्यांनी आहे म्हटल्याशिवाय आमची गोष्ट पुढे पाऊल टाकत नाही."

"मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"पाहुण्यांनी घरच्यांना बोलायला शिकवायचं?" उमाई म्हणाली. "तुम्हाला आमची गोष्ट नको असेल, असं वाटलं आम्हाला."

बकू घरोघर पळाली. परीला काही मागितलं नाही, नुसती पळाली. भिवराकाकूंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! महिनाभर आम्ही त्यांना जा म्हणत होतो की काय!" त्यांना फार लाज वाटली. सगळ्यांत आधी त्याच पारावर येऊन बसल्या.

"पैलथडीला एक नदी होती," रुंजाबाबा म्हणाले. सवयीनं हात जोडायला लागले.

"आहे!" सगळं गाव म्हणालं.

रुंजाबाबांचे हात तसेच राहिले. मग ते म्हणाले, "तिच्या काठी सात विहिरी होत्या," आणि तेव्हापासून सात दिवस थांबले नाहीत. उमाई पट उलगडत होती. निळ्या विहिरी, पोपटी शेतं, लाल पागोट्यांची माणसं. तिसऱ्या विहिरीचं नावही आठवलं, गंगोळी. हुंकार आला की नाव आपोआप ओठांवर येतं, असं रुंजाबाबा म्हणाले.

सातव्या दिवशी, गोष्ट अगदी संपत आली तेव्हा, परीही आली आणि हळूच फांदीवर बसली. बकूनं ठरवलं होतं, गोष्ट संपली की छप्पर मागायचं. रुंजाबाबांचा आवाज बसला होता. ते म्हणाले, "आणि अशी ही पैलथडी होती."

"आहे!" बकू सगळ्यांबरोबर म्हणाली, आणि तिनं जीभ चावली. फांदीवर परीचे डोळे गोल झाले होते.

"बकू," परी कानाशी येऊन म्हणाली, "एकच शब्द, आणि तो गेला तोंडातून. पण माझ्या पंखात तुझा टाका आहे. म्हणून एवढं करते, तो मी ऐकलाच नाही म्हणते. नीट बोल. छप्पर?"

बकूनं आईकडे पाहिलं. पावसाळा दूर नव्हता. आईनं नाही अशी मान हलवली आणि रुंजाबाबांकडे बोट केलं. ते दमून उमाईच्या खांद्यावर टेकले होते. बकूला छपराचं वाईट वाटलं, खूप वाटलं. मग ती स्पष्ट म्हणाली, "आहे."

परी हसली. तिच्या अंगातून केशरी, निळा, सोनसळी उजेड फुटला. तो पारावर, पटावर, प्रत्येकाच्या केसांवर सांडला. उजेड विरला तेव्हा फांदीवर परी नव्हती. आणि पैलथडीची गोष्ट आता बकूपाशी होती, एकेक नाव जसंच्या तसं.

छप्पर गावानं शाकारलं. भिवराकाकू स्वतः पेंढ्या वर देत होत्या. लढाई मात्र त्या वर्षी थांबली नाही. होड्या येत राहिल्या, आणि त्यांतून पैलथडीची लहान लहान मुलं उतरली. त्यांनी आपली गोष्ट कधी ऐकलीच नव्हती.

रुंजाबाबांचा आवाज काही परतला नाही. ते घोगऱ्या सुरात म्हणाले, "बाय, तू सांग."

बकू पारावर चढून बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. समोर नवी मुलं बसली होती, हुंकार म्हणून काय म्हणायचं ते त्यांना माहीत नव्हतं. रुंजाबाबा त्यांच्यातच मांडी घालून बसले, जन्मात पहिल्यांदा ऐकणाऱ्यांच्या बाजूला.

"पैलथडीला एक नदी होती," बकू म्हणाली.

फुटक्या आवाजात, सगळ्यांच्या आधी, रुंजाबाबा म्हणाले, "आहे."