रंगारणीचे निळे हात

पुष्कळ पुष्कळ वर्षांमागे, डोंगर आजच्याहून थोडे तरुण होते तेव्हा, एका गावात एक रंगारीण राहायची. तिच्या अंगणात निळीचा रांजण होता, आईकडून आलेला. आणि मुलांनो, निळीचा रांजण जिवंत असतो बरं! त्याला गूळ भरवावा लागतो, रोज ढवळावं लागतं. दुर्लक्ष केलंत, की तो आधी रुसतो आणि मग मरून जातो.

गावाची एक रीत होती. प्रार्थनामंदिराच्या दाराशी दगडी कुंडी होती. तिथे हात धुवायचे आणि दाराची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या आबांना तळवे दाखवायचे. ज्याचे हात स्वच्छ, तो पुढे बसणार. सणाला प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायची ती प्रभूची भाकर आत न्यायचा मानही त्यालाच. रंगारणीचे हात मात्र कोपरापर्यंत निळे. तिने ते राखेने घासले, लिंबाने घासले. नीळ काही हटेना. मग ती आपली पदरात हात लपवून उंबऱ्यापाशी उभी राही. एकदा तरी ती भाकर आपण न्यावी, एवढीच तिची इच्छा होती.

शेवटी तिने रांजण झाकून ठेवला. "देवापेक्षा का रंग मोठा आहे?" असं तिने स्वतःला समजावलं. हात हळूहळू फिकट झाले. आबा खूश! "आता कसं! या सणाला भाकर तूच आण हो, पोरी."

ती हसली खरी, पण घरी येऊन रांजणाला कान लावून बसली. आतल्या फेसाची कुजबुज जवळजवळ थांबली होती. तिला रडू फुटलं, आणि रडता रडता भर दुपारी तिथेच तिचा डोळा लागला.

स्वप्नात एक नदी होती. काठावर कुणीतरी नीळकंठ पक्ष्याला मांडीवर घेऊन त्याचे पंख रंगवत बसलं होतं.

"पंखांच्या घडीच्या आत कशाला रंगवता?" तिने विचारलं. "पंख मिटले की कुणाला दिसणार?"

"उडेल तेव्हा दिसेल. आणि नाही दिसलं, तरी मला आवडतं ना!"

तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. कोपरापर्यंत निळे, आणि तळव्यांत क्रुसाच्या खिळ्यांचे जुने वण. तिने त्याला ओळखलं.

"प्रभू, हे हात घेऊन आमच्या दाराशी जाऊ नका. आबा आत घ्यायचे नाहीत."

"म्हणून तर बाहेर बसलोय," तो हसून म्हणाला. "तुझी आई यायची सोबतीला. तू का गं येत नाहीस?"

ती दचकून जागी झाली. तिने रांजणात गूळ घातला, बाह्या सारून ढवळू लागली. ढवळत राहिली, आणि सणाच्या सकाळी वर फेस आला. तिने भाकरीवर घालायचं कापड त्यात बुडवलं, पिळून घट्ट गुंडाळलं आणि भाकर घेऊन तशीच धावत निघाली.

"अरे देवा! पुन्हा हात बरबटून आलीस?" आबा कडाडले. "ठेव ती भाकर खाली!"

"आबा, आधी हे बघा." तिने ओलं कापड पसरलं. ते हिरवंगार होतं. वारा लागला आणि आबांच्या डोळ्यांदेखत हिरवा रंग विरून कापड निळं झालं, अगदी आभाळासारखं.

"हे कोण करतंय?" आबांनी हळूच विचारलं.

"मी नुसतं बुडवते, आबा. निळं प्रभू करतो. त्याचेही हात असेच आहेत. मी पाहिलेत."

आबांची नजर स्वतःच्या तळव्यांवर गेली. तरुणपणी ते लाकडाची खेळणी कोरायचे. हात खराब होतात म्हणून सोडून दिलं होतं. आता ते हात इतके स्वच्छ होते, की त्यांना लाज वाटली. ते दारातून बाजूला झाले. "ने आत," एवढंच कसंबसं म्हणाले.

त्या दिवसापासून कुंडीवर पाखरं पाणी पितात. दारात आबा तळवे तपासत नाहीत, "आज काय घडवलंस?" असं विचारतात. आणि विचारताना त्यांच्या स्वतःच्या हातांना लाकडाचा भुसा लागलेला असतो.

तात्पर्य: देव स्वतःच हौशी कारागीर आहे; म्हणून जो जीव ओतून काही घडवतो, त्याच्या हातांवर देवाचीच खूण उमटते.